आधी ऐकवा, मग सांगा: 'पॉल मेला' या विषयावर व्हिडिओ करणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मराठीत रहस्यकथांचे व्हिडिओ आणि पॉडकास्ट करणाऱ्या तुम्हा सर्वांना हे पत्र आहे. जुनी ध्वनिमुद्रणं, टेप आणि रेकॉर्डची मुखपृष्ठं हा आमचा अभ्यासाचा विषय. 'बीटल्स' या चौघांच्या इंग्लिश बँडमधला पॉल मॅकार्टनी १९६६ मध्येच मेला, ही गोष्ट सांगताना तिच्यातलं काय काय तपासता येतं आणि कसं तपासायचं, ते तुमच्या हाती द्यावं म्हणून लिहीत आहोत.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे, तरी वाचकांसाठी थोडक्यात. पॉल ९ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे मोटार अपघातात गेला. उरलेल्या तिघांनी बातमी दाबली. हुबेहूब दिसणारा विल्यम कॅम्पबेल नावाचा माणूस शोधून त्याच्या जागी उभा केला. मग मन खाऊ लागलं म्हणून गाण्यांत आणि मुखपृष्ठांवर खुणा पेरल्या.

आमची मुख्य विनंती एकच आहे. उलटा आवाज ऐकवण्याआधी त्याचा 'अर्थ' पडद्यावर लिहू नका. आधी नुसतं ऐकवा. एवढा क्रम बदलला तरी ऐकणाऱ्याच्या हातात काय उरतं ते तुम्हालाच दिसेल.

पॉलचं नाव घेऊन सर्वांत जास्त वेळा वाजवला जाणारा तुकडा 'रेव्होल्यूशन ९' मधला. नोव्हेंबर १९६८ मध्ये आलेल्या, पांढऱ्या मुखपृष्ठाच्या दुहेरी अल्बमवर ही आठ मिनिटांहून लांब रचना आहे. तिच्यात एक माणूस सपाट आवाजात 'नंबर नाइन, नंबर नाइन' म्हणत राहतो. ते उलटं वाजवलं की 'टर्न मी ऑन, डेड मॅन' असं ऐकू येतं, हा दावा.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फाइल उघडा, 'नंबर नाइन' असलेला दोन-तीन सेकंदांचा भाग निवडा आणि 'इफेक्ट'च्या यादीतलं 'रिव्हर्स' दाबा. शब्दाच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा सेकंद सोडून निवडा. अगदी शब्दाला लागून कापलंत तर कापलेल्या जागी 'टक्' असा आवाज येतो आणि ऐकणारा त्यालाच 'ट' समजतो. फाइल स्टीरिओच ठेवा, कारण हा आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो. एकाच बाजूचा चॅनल घेतलात तर तो मध्येच विरतो.

मग ज्यांनी ही गोष्ट कधी ऐकलेली नाही अशी सहा-आठ माणसं जमवा. काहीही न सांगता तीनदा ऐकवा आणि जे ऐकू आलं ते प्रत्येकाला आपापल्या कागदावर लिहू द्या, शेजाऱ्याचं न बघता. त्यानंतर अर्ध्यांना 'टर्न मी ऑन, डेड मॅन' हे शब्द द्या. उरलेल्या अर्ध्यांना साधारण तितक्याच लांबीचं तुम्हीच रचलेलं भलतंच वाक्य द्या, मराठी असलं तरी चालेल. पुन्हा ऐकवा. पहिल्या फेरीतले कागद आणि दुसऱ्या फेरीतली उत्तरं शेजारी ठेवून कॅमेऱ्यासमोर दाखवा. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन व्होकी आणि डॉन रीड यांनी या जातीचे प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. उलट्या मजकुराचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नाही, पण अमुक शब्द आहेत असं आधी सुचवलं की ते ऐकू येऊ लागतात, असं त्यांना आढळलं. प्रेक्षक खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच ऐकू येतं, म्हणून तर तो हट्टाने सांगतो.

असं का होतं, हे मराठीत फार सोप्या रीतीने दाखवता येईल. 'चिमा काय कामाची' हे वाक्य आपण शाळेपासून उलटसुलट वाचत आलो. ते स्वतःच्या आवाजात मुद्रित करा आणि उलटं वाजवा. पुन्हा 'चिमा काय कामाची' येणार नाही. कागदावर आपण अक्षरं उलटी करतो आणि 'चि' हे एक अक्षर अखंड राहतं. टेप मात्र ध्वनी उलटे करते: 'च्' आणि 'इ' यांचं 'इ' आणि 'च्' होतं. शिवाय हा 'च्' म्हणजे आधी 'त'सारखा अटकाव आणि मग 'श'सारखं घर्षण. उलटताना घर्षण आधी येतं आणि 'श्त'सारखं काहीतरी तयार होतं. शेवटी कानावर पडतं ते 'ईश्तामाक याकामिश्त' याच्या आसपासचं, कुठल्यातरी परक्या भाषेसारखं. सरळ बोलताना प्रत्येक ध्वनी जोरात सुरू होतो आणि विरत जातो. उलट्यात तो हळूहळू फुगतो आणि एकदम तुटतो, म्हणून सगळं बोलणं गूढ आणि खेचल्यासारखं वाटतं. 'नंबर नाइन'चंही तसंच. 'नाइन' उलटून 'नियान'सारखं होतं, 'नंबर' उलटून 'रबमन'सारखं. त्यातून 'मी ऑन' आणि 'डेड मॅन' काढायला कानाला थोडीच मदत लागते, आणि ती तुमच्या पडद्यावरच्या अक्षरांतून मिळते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. चाहत्यांनी रेकॉर्ड उलट्या फिरवल्या त्याला कारण होतं. बीटल्सनी खरोखरच उलट्या टेप वापरल्या होत्या. १९६६ च्या 'रेन' या गाण्याच्या शेवटी बीटल्सपैकी जॉन लेननचा आवाज उलटा आहे आणि 'आय एम ओन्ली स्लीपिंग'मधली गिटारही उलटी आहे. पण हेच उदाहरण कसोटी म्हणून वापरा. 'रेन'चा शेवट उलटा करून ऐकलात तर गाण्याचे शब्द लख्ख ऐकू येतात, कुणी सांगायची गरज पडत नाही. मुद्दाम उलटं ठेवलेलं असं निघतं. जिथे तीनदा ऐकवून, वेग कमी करून आणि खाली शब्द लिहून 'आलं का ऐकू?' असं विचारावं लागतं, तिथे कुणी काही ठेवलेलं नाही. 'रेन' आणि 'रेव्होल्यूशन ९' एकापाठोपाठ ऐकवलेत तर यावर वेगळं भाष्य करावं लागणार नाही.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या शेवटी लेनन 'आय बरीड पॉल' म्हणतो, असं सांगितलं जातं. तो 'क्रॅनबेरी सॉस' म्हणतो. १९९६ मध्ये निघालेल्या 'अँथॉलॉजी २' या संचात या गाण्याचा मूळ लांब शेवट आहे, त्यात ते स्वच्छ ऐकू येतं आणि लेननने स्वतःही ते सांगितलं होतं. रेकॉर्डवर ते गढूळ का झालं याचं कारण जास्त रंजक आहे. हे गाणं म्हणजे दोन वेगळ्या मुद्रणांचा जोड आहे, दोन्ही वेगळ्या लयीत आणि वेगळ्या सुरात. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी टेपचा वेग बदलून गाण्याच्या साधारण एका मिनिटाला ते जोडले. वेग उतरवलेल्या भागातलं बोलणं जड आणि जाड होणारच. त्यात ते शब्द ढोलांच्या गलबल्यात, आवाज विरत चाललेला असताना येतात.

टेपचा वेग हीच '१९६६ नंतर पॉलचा आवाज बदलला' या सगळ्या दाव्यांची किल्ली आहे, आणि तिच्याबद्दल कुठल्याच व्हिडिओत कुणी बोलत नाही याचं आम्हाला वाईट वाटतं. १९६६ पासून ॲबी रोडवरच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बीटल्स आवाजाशी जेवढं खेळले तेवढं त्याआधी खेळले नव्हते. टेप ठरावीक वेगापेक्षा जरा हळू चालवून गायचं आणि वाजवताना नेहमीच्या वेगाने वाजवायचं, म्हणजे सूर चढतो आणि आवाज कोवळा, बारीक होतो. उलट केलं की आवाज भारी होतो. त्याच वर्षी केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती बसवली. एकाच गायनाची दुसरी प्रत किंचित मागेपुढे सरकवून मूळ आवाजात मिसळायची. त्यामुळे आवाजाच्या कडा पुसट होतात.

'व्हेन आय एम सिक्स्टी-फोर' घ्या. डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे कथित मृत्यूनंतर महिनाभराने, पॉलने ते सी या सुरात गायलं. आवाज तरुण वाटावा म्हणून नंतर टेप अर्धा सूर चढवली. अर्धा सूर म्हणजे वेगात ५.९५ टक्क्यांची वाढ. ती परत उतरवायची तर ऑडॅसिटीत वेग उणे ५.६१ टक्के करा. हे दोन आकडे सारखे नाहीत, कारण १०५.९५ वरून १०० वर यायला ५.६१ टक्केच कमी करावे लागतात. वापरायचं ते वेग बदलणारं साधन, फक्त सूर बदलणारं नव्हे. टेप जोरात फिरली की सूर, लय आणि घशाचा पोत तिन्ही एकदम सरकतात, म्हणून तिन्ही एकदमच परत आणायचे. हे केलंत की 'हा कोण नवा?' असं वाटणाऱ्या आवाजातून ओळखीचा पॉल बाहेर येतो.

याहून पक्का पुरावा 'शीज लीव्हिंग होम'चा. गाणं १९६७ चं, मुख्य आवाज पॉलचा. त्या वेळच्या मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, रेकॉर्डवर ते स्टीरिओपेक्षा अर्धा सूर वर आणि जलद आहे. माणूस एक, गाणं एक, मूळ टेप एक. तरीही मोनो आणि स्टीरिओ प्रती एखाद्या 'आवाज ओळखणाऱ्या' सॉफ्टवेअरला दिल्यात तर मोजमापं वेगवेगळी येतील. २०१७ मध्ये निघालेल्या नव्या मिक्समध्ये मोनोचा वेग ठेवला आहे. त्यामुळे मोबाइलवर ऐकताना कुठली आवृत्ती लावली हे न बघता केलेली कुठलीही तुलना पहिल्या पायरीवरच बाद. तुलना करायचीच असेल तर समान जातीच्या गाण्यांची करा. १९६४ चं 'लाँग टॉल सॅली', १९६८ चं 'हेल्टर स्केल्टर' आणि १९६९ चं 'ओह! डार्लिंग' ही तिन्ही घसा फाडून गायलेली आहेत. १९६४ मधल्या किंकाळीशेजारी १९६७ मधलं कुजबुजतं गाणं ठेवून 'फरक बघा' म्हणणं म्हणजे एकाच गायकाची लावणी आणि अंगाई ऐकवून दोन माणसं असल्याचं सांगणं.

आता फोटो. २००९ मध्ये 'वायर्ड' मासिकाच्या इटालियन आवृत्तीत दोन इटालियन तज्ज्ञांनी आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांवरून कवटी, जबडा आणि दात मोजले आणि फरक असल्याचं लिहिलं. तुमच्यापैकी अनेकांना हा भाग सर्वांत 'शास्त्रीय' वाटत असेल. पण त्यात जे मोजलं ते छपाईतल्या छायाचित्रांवर मोजलं, कवटीवर नव्हे.

छायाचित्रातला चेहरा कॅमेऱ्याच्या अंतरावर ठरतो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर असतात, म्हणजे नाकाच्या मानाने कानाकडचा भाग जवळपास २३ टक्के लहान दिसतो. कॅमेरा २ मीटरवर नेला तर हाच फरक ६ टक्क्यांच्या आत येतो. जवळून काढलेल्या फोटोत चेहरा लांबट, नाक मोठं आणि कान मागे पळालेले. लांबून काढलेल्यात तोच चेहरा रुंद आणि सपाट. घरातल्याच एका माणसाचे दोन फोटो असे काढा, दोन्हींत डोकं सारख्या आकाराचं येईल असे कापा आणि पट्टीने मोजा. हनुवटी जरा वर-खाली झाली की जबड्याचं मोजमाप आणखी बदलतं. म्हणून अंतर, भिंग आणि डोक्याचा कल माहीत नसताना दोन छायाचित्रं एकावर एक ठेवून चेहरा हळूच बदलत दाखवणारी ती क्लिप काहीच सिद्ध करत नाही.

शिवाय खरोखर बदललेल्या गोष्टीही होत्या, आणि त्यांची कारणं नोंदलेली आहेत. डिसेंबर १९६५ मध्ये लिव्हरपूलजवळ पॉल मोपेडवरून पडला. पुढच्या दाताचा तुकडा उडाला आणि ओठ फाटला. मे १९६६ मध्ये चित्रित झालेल्या 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' यांच्या फिल्ममध्ये तो तुटका दात दिसतो. मिशी ठेवण्यामागे ओठावरचा व्रण झाकणं हे एक कारण होतं. दात बदलला, ओठ बदलला, मिशी आली, केस वाढून कान झाकले गेले, आणि हे सगळं 'मृत्यू'च्या आधी सुरू झालं होतं.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही बघा. मासिकांत असं सर्रास घडायचं. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते, हे बघितलं की कळतं. पॉल डावखुरा, त्यामुळे बास गिटार हातात असेल तर आणखी सोपं. डावखुरेपणाचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. चेहरा जुळणारा माणूस एक वेळ मिळेल. पण डाव्या हाताने वाजवणारा, १९६६ च्या 'रेन'मध्ये जी बास गिटार गाण्याच्या सुराभोवती स्वतःची चाल रचत फिरते तीच सवय १९६७ च्या 'लूसी इन द स्काय विथ डायमंड्स'मध्ये आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पुढे नेणारा, शिवाय पियानो वाजवणारा आणि चाली बांधणारा असा माणूस महिन्याभरात कुठून आणायचा?

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा पेशवाईने ओळखणाऱ्यांना बोलावून चौकशी केली होती. इथेही ओळखणारे होते. वडील जिम मॅकार्टनी १९७६ पर्यंत हयात होते. भाऊ माइक होता. जेन ॲशर होती, जिच्याशी १९६७ च्या नाताळात पॉलचा साखरपुडा झाला. या सगळ्यांना एकतर फसवावं लागतं किंवा कटात ओढावं लागतं. तुमच्या व्हिडिओत त्यांच्याबद्दल एक वाक्य तरी असावं.

मुखपृष्ठांबद्दल आम्हाला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे आपल्या देशाचं नाव गोवलं गेलं आहे. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या मुखपृष्ठावर पॉलच्या डोक्यावर मागच्या एकाचा उघडा पंजा दिसतो. हा हात इसी बॉन या इंग्लिश विनोदी नटाच्या चित्राचा. सिद्धान्त सांगणारे म्हणतात, पूर्वेकडे डोक्यावरचा हात म्हणजे मृत्यूची खूण. काही जण थेट भारताचं नाव घेतात. इंग्रजी व्हिडिओतलं हे वाक्य मराठीत जसंच्या तसं उतरतं तेव्हा आम्ही थक्क होतो. आपल्याकडे डोक्यावर हात ठेवतात तो आशीर्वादाचा. 'त्याच्या डोक्यावर कुणाचा तरी हात आहे' म्हणजे त्याला पाठबळ आहे. भाषेतच उत्तर बसलेलं असताना आपण दुसऱ्याने रचलेली 'भारतीय प्रथा' आपल्याच लोकांना शिकवायची?

त्याच चित्रात खाली, फुलांपाशी, एक छोटी मूर्ती आहे. तिला कुणी 'संहारक शिव' ठरवतं आणि तिचे हात पॉलकडे रोखलेले दाखवतं. ती लक्ष्मी आहे. पडद्यावर मोठी करून दाखवा, तुमचा प्रेक्षक नाव न विचारता सांगेल. या चित्रात परमहंस योगानंदांसह चार भारतीय गुरू आहेत. गांधीजीही असणार होते, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने ईएमआयच्या प्रमुखांनी त्यांना काढायला लावलं. ही गोष्ट खरी आहे, भारताशी जोडलेली आहे आणि मराठीत क्वचितच सांगितली जाते. बीटल्सचा आपल्याकडचा आणखी धागा हवा असेल तर १९६६ च्या 'लव्ह यू टू'वर तबला वाजवणारे अनिल भागवत आहेत, त्यांचं नाव अल्बमच्या पाठीवर छापलं होतं. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन केलेलं मुद्रणही आहे. यावर व्हिडिओ करा, लागेल ती मदत करू.

त्याच मुखपृष्ठावरच्या ढोलाचं कोडं घरच्या आरशाने सुटतं. 'लोनली हार्ट्‌स' या मोठ्या लिपीतल्या इंग्रजी शब्दांच्या मधोमध आडवा आरसा धरला की अक्षरांचा वरचा अर्धा भाग आणि त्याचं प्रतिबिंब मिळून 'वन वन आय-एक्स, ही डाय' असं दिसतं. आय-एक्स म्हणजे रोमन नऊ, म्हणून ते 'अकरा-नऊ, तो मेला' असं वाचतात. मध्ये एक शंकरपाळीसारखा आकार येतो आणि तो पॉलकडे रोखलेला बाण समजतात. हे कसं घडतं ते पाहा. इंग्रजी एच, ई, ओ ही अक्षरं वर-खाली सारखीच, ती जशीच्या तशी राहतात. एल वरून नुसती उभी रेघ असतो, त्याचा एक किंवा आय होतो. टी चाही आय होतो. वायचा एक्स होतो, ए ची शंकरपाळी होते, आर चा डी होतो. म्हणजे 'हार्ट' हा शब्द कुठेही लिहा, 'ही'नंतर शंकरपाळी आणि मग 'डी-आय' येणारच. 'थिएटर'चं इंग्रजी स्पेलिंग आरशाखाली धरा, त्यातही 'ही', शंकरपाळी आणि नंतर आय, डी, ई निघतात. थिएटरच्या पाट्या काही कुणाच्या मृत्यूची बातमी देत नाहीत. शिवाय 'अकरा-नऊ' म्हणजे ९ नोव्हेंबर हे अमेरिकी पद्धतीचं वाचन. इंग्लंडमध्ये, आपल्यासारखंच, दिवस आधी लिहितात. इंग्लंडमध्ये इंग्लिश बँडसाठी रंगवलेल्या ढोलावर ती तारीख ११ सप्टेंबर होईल.

पॉलच्या बाहीवरच्या बिल्ल्यावर 'ओपीडी' आहे, म्हणजे 'अधिकृतरीत्या मृत घोषित' याचं इंग्रजी लघुरूप, असं म्हणतात. बिल्ला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतीय पोलिसांचा, त्यावर 'ओपीपी' आहे. कापडाच्या चुणीमुळे शेवटचा पी डी सारखा दिसतो. मराठी माणसाला ओपीडी म्हटलं की दवाखान्यातला केसपेपर आठवतो. लघुरूपातून प्रत्येकाला आपलंच काहीतरी वाचता येतं, ते असं.

चौघे रस्ता ओलांडताहेत आणि पॉल अनवाणी आहे, असा 'ॲबी रोड' या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा फोटो इयान मॅकमिलन यांनी ८ ऑगस्ट १९६९ ला सकाळी रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढून काढला. वाहतूक थोडा वेळ थांबवली होती. एकूण सहा फोटो निघाले, वापरला तो पाचवा. सुरुवातीच्या फोटोंत पॉलच्या पायात सँडल आहेत. दिवस उन्हाळ्याचा होता, त्याने त्या मध्येच काढल्या. सहाही फोटो आज बघायला मिळतात, ते क्रमाने दाखवलेत की 'अनवाणी म्हणजे प्रेत' या वाक्याला जागा राहत नाही.

मागे उभ्या फोक्सवॅगनची नंबरप्लेट 'एलएमडब्ल्यू २८१एफ'. तिच्यातलं शेवटचं '१एफ' तोडून 'इफ' वाचतात, म्हणजे 'जगला असता तर २८'. तो एक हा आकडा आहे, अक्षर नव्हे. शेवटचा एफ त्या वेळच्या ब्रिटिश नियमाने गाडी १ ऑगस्ट १९६७ ते ३१ जुलै १९६८ या काळात नोंदली गेल्याचं सांगतो, आणि एमडब्ल्यू ही विल्टशर परगण्याची खूण. नंबर पडला तेव्हा पॉल २५-२६ वर्षांचा होता आणि अल्बमची कल्पनाही नव्हती. अल्बम आला तेव्हा त्याला २७ पूर्ण होते. हा एक वर्षाचा फरक भरून काढायला 'भारतीय गूढवादी वय गर्भापासून मोजतात' असा शोध लावला गेला. आपल्याकडे 'अठ्ठाविसावं लागलं' म्हणायची पद्धत आहे, पण ते चालू वर्षाचं मोजणं, आणि तेही जन्मापासूनच. बीटल्सच्या गाण्यांत 'वॉलरस' हा समुद्री प्राणी येतो, त्याबद्दलचा 'वॉलरस म्हणजे ग्रीकमध्ये प्रेत' हा दावाही तसाच. ग्रीकमध्ये प्रेताला 'नेक्रोस' म्हणतात, आणि 'वॉलरस' हा शब्द इंग्रजीत डचमधून आला.

या सगळ्याचा उगम तुम्ही सांगतच नाही, आणि गोष्टीतला सर्वांत सुरस भाग तोच. जानेवारी १९६७ मध्ये पॉलच्या अपघाताची एक अफवा लंडनमध्ये उठली होती. 'बीटल्स बुक' मासिकाने फेब्रुवारीच्या अंकात ती खोडून काढली आणि विषय मिटला. मग १७ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात 'पॉल मेला का?' अशा आशयाचा लेख आला. १२ ऑक्टोबरला डेट्रॉइट भागातल्या डब्ल्यूकेएनआर-एफएमवर रस गिब यांच्या कार्यक्रमात एका श्रोत्याने फोन करून 'रेव्होल्यूशन ९' उलटं वाजवायला सांगितलं. ते ऐकून मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी फ्रेड लाबूर 'ॲबी रोड'चं परीक्षण लिहायला बसला. १४ ऑक्टोबरच्या 'मिशिगन डेली'त ते छापून आलं. त्याने त्यात खुणा रचून टाकल्या. विल्यम कॅम्पबेल हे नावही त्याचंच. पुढे त्याने हे स्वतः कबूल केलं. त्याच वर्षी अमेरिकी टीव्हीवर एफ. ली बेली या नामांकित वकिलाला घेऊन लुटुपुटीचा खटला झाला. लाबूरने बेलीला आधीच सांगितलं होतं की बऱ्याच खुणा आपण मनाने लिहिल्या. कार्यक्रम तरीही झाला. ७ नोव्हेंबरच्या 'लाइफ' मासिकाने स्कॉटलंडमधल्या शेतावर पॉलला गाठलं आणि कुटुंबासह मुखपृष्ठावर छापलं.

म्हणजे कॅम्पबेल हे नाव तुम्ही उच्चारता तेव्हा एका विद्यार्थ्याने रचलेलं पात्र साक्षीदार म्हणून उभं करता. ते नाव घ्या, पण कुणी आणि कोणत्या तारखेला रचलं ते त्याच श्वासात सांगा.

९ नोव्हेंबर १९६६ ला पॉल कुठे होता? ६ तारखेला तो स्वतःची मोटार घेऊन फ्रान्सला गेला होता, वेश बदलून, खोटी मिशी लावून. १२ तारखेला बोर्डो शहरात बँडचा सहायक माल एव्हान्स त्याला भेटला. तिथून दोघे केनियाला गेले आणि १९ ला लंडनला परतले. २४ ला तो स्टुडिओत होता. आणि भारताची साक्ष काढायचीच तर जुलै १९६६ मध्ये मनिलाहून परतताना चौघेही दिल्लीत थांबले होते, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये पॉल ऋषिकेशला आला व महिनाभराहून जास्त राहिला. कथित मृत्यूच्या अलीकडची आणि पलीकडची छायाचित्रं आपल्याच भूमीवर काढलेली आहेत.

हा प्रकार बीटल्सपुरता राहिलेला नाही. कॅनडाची गायिका ॲव्हरिल लव्हीन हिच्या जागी 'मेलिसा' आली असं २०११ मध्ये एका ब्राझिलियन ब्लॉगने लिहिलं. असे सिद्धान्त किती खरे वाटू शकतात ते दाखवणं हाच हेतू असल्याचं त्याच ब्लॉगवर नमूद होतं. ते वाक्य गळून पडलं आणि गोष्ट मात्र २०१७ मध्ये जगभर फिरली.

शेवटची विनंती एका खऱ्या मृत्यूबद्दल. १८ डिसेंबर १९६६ ला लंडनमध्ये टारा ब्राउन हा २१ वर्षांचा तरुण मोटार अपघातात गेला. तो पॉलचा मित्र होता, मोपेडच्या अपघाताच्या वेळी त्याच्याबरोबर होता. 'अ डे इन द लाइफ'मधल्या अपघाताच्या ओळींमागे त्याच्या मृत्यूची बातमी आहे. त्या ओळी 'पॉलच्या मृत्यूची कबुली' म्हणून वाजवणार असाल तर त्या जागी टाराचं नाव सांगा. त्याच्या अपघाताचं छायाचित्र पॉलचं म्हणून लावलं असेल तर ते काढा, आणि व्हिडिओच्या खाली दुरुस्ती लिहा.

आपले,
ध्वनिमुद्रण आणि जुन्या रेकॉर्डचे काही मराठी अभ्यासक